चाल आधी, आवाज नंतर

वाफेच्या इंजिनाचं मॉडेल हातात आलं की मी सगळ्यात आधी ते किती हळू चालतं ते बघते. शिट्टी, धूर, दिवे हे सगळं नंतर. रुळावर ठेवल्यावर गचका न देता जे इंजिन मुंगीच्या गतीने वीतभर सरकतं, त्याच्यावर पुढचा खर्च करायचा.

पुण्यातल्या आमच्या कात्रजच्या फ्लॅटमध्ये मागच्या खोलीत भिंतीलगत लांब फळी आहे, तिच्यावर रूळ. मॉडेलं एचओ मापाची, म्हणजे खऱ्याच्या 87व्या हिश्शाची. दोन रुळांतलं अंतर 16.5 मिलिमीटर. जुन्या पद्धतीत रुळांत 12 व्होल्टपर्यंत डीसी वीज सोडत. वीज वाढवली की गाडी पळणार, कमी केली की थांबणार आणि दिवेही विझणार. एका रुळावर दोन इंजिनं असली तर दोन्ही एकदमच निघायची. डिजिटल पद्धतीत रुळांत वीज कायम असते आणि तिच्यातूनच आज्ञा जातात. इंजिनाच्या पोटातला डिकोडर फक्त आपल्या क्रमांकाची आज्ञा ऐकतो. नव्या डिकोडरला बहुतेक वेळा 3 हा क्रमांक दिलेला असतो, तो आपण बदलायचा. हल्लीची महागडी इंजिनं हे सगळं घेऊनच येतात: आवाज, भट्टीतला लाल उजेड, चाकांच्या ठेक्यावर सुटणारा धूर. मला मात्र जुनं, मुकं इंजिन घेऊन त्यात हे बसवायला आवडतं. सोल्डरिंगच्या लाइनवर नोकरी झाली, त्यामुळे बारीक वायरींचं भय नाही.

खरी मेख मोटरमध्ये असते. जुन्या इंजिनात एका रुळाची वीज धातूच्या सांगाड्यातूनच मोटरपर्यंत जाते. डिकोडर लावायचा तर मोटरचे दोन्ही ब्रश सांगाड्यापासून पूर्ण वेगळे करावे लागतात. मल्टिमीटरची एक टोचणी ब्रशला, दुसरी सांगाड्याला लावायची. बीप वाजली तर पुन्हा उघडायचं. इथे घाई केली की डिकोडर जळलाच म्हणून समजा. स्पीकर मागच्या टेंडरमध्ये, कोळशाच्या ढिगाखाली जातो. त्याला मागून बंद डबी हवी, नाहीतर आवाज पत्र्याचा येतो. शेजारी एक कपॅसिटर बसवायचा, म्हणजे रुळावरच्या मळाने क्षणभर वीज तुटली तरी इंजिन अडखळत नाही. पावसाळ्यात घाटाकडून येणाऱ्या ओलीने रूळ लवकर काळवंडतात, तेव्हा तर तो हवाच. किरकोळ इलेक्ट्रॉनिक माल शहरातल्या तपकीर गल्लीत मिळतो. डिकोडर मात्र बाहेरून मागवावा लागतो.

आता ठेका. दोन सिलिंडरांच्या इंजिनाचं चाक एकदा फिरलं की चार भकाभका. दट्ट्याला वाफ दोन्ही बाजूंनी ढकलते आणि डाव्या-उजव्या बाजूचे क्रँक एकमेकांशी 90 अंशांत असतात, म्हणून चारही ठोके सारख्या अंतराने पडतात. मॉडेलमध्ये हा कोन जरा हलला तर इंजिन लंगडतं, आणि लंगडणाऱ्या इंजिनाला कितीही सुंदर आवाज द्या, डोळा आणि कान भांडत राहतात. म्हणून आधी चाकं काढून कोन नीट करायचा, ब्रश साफ करायचे, थेंबभर तेल द्यायचं. मग डिकोडरमधले आकडे बदलत प्रत्येक फेरीला चार ठोके जुळवायचे. मी सावकाश चालवून, एका चाकावर पांढरा ठिपका देऊन मोजते. धूर बसवला असेल तर त्याच्या नळीत तेल नसताना वीज देऊ नये, ती जळते.

हे वेड लहान मुलांचं नव्हे, हे ज्यांना पटत नाही त्यांना मी कोथरूडला पाठवते. भाऊसाहेब जोशींनी 1998 साली तिथे छोट्या रेल्वेचं संग्रहालय उघडलं. अख्खं गाव उभारलंय आणि त्यातून गाड्या धावतात. एका माणसाच्या चिकाटीतून पुण्याला ही जागा मिळाली, याचा मला फार अभिमान आहे.

माझं दुखणं भारतीय इंजिनांचं. आपल्या ब्रॉडगेजचं अंतर 1676 मिलिमीटर, 87ने भागलं तर 19 मिलिमीटरच्या वर जातं. त्यामुळे एचओच्या रुळावर आपलं गोल नाकाचं, डब्ल्यूपी जातीचं ब्रॉडगेज इंजिन ठेवलं की ते अंगाने भरदार आणि पायाने अरुंद दिसतं. मीटरगेजचा हिशेब मात्र छान बसतो: 12 मिलिमीटरचा रूळ तयार मिळतो आणि लागतो साडेअकरा. माझं माहेर नीरेचं. पुणे-मिरज मार्ग मीटरगेज होता तेव्हा वाफेचं इंजिन स्टेशनात शिरताना आई आम्हाला घेऊन फलाटावर उभी राहायची. म्हणून सध्या पितळी पत्र्यातून वायपी हे मीटरगेजचं वाफेचं इंजिन घडवतेय. बॉयलर आणि धुराडं झालं, टेंडर अर्धं आहे. आवाज मात्र परदेशी इंजिनाचा घालणार नाही. हरियाणात रेवाडीच्या शेडमध्ये वाफेची इंजिनं चालू स्थितीत जपली आहेत. थंडीत रेकॉर्डर घेऊन तिकडे जायचं ठरलंय, भाच्याने तिकिटांचं बघतो म्हटलंय.