घरच्या काचपेटीसाठीं पहिले मासे

(नभोवाणीवरील भाषण)



कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या पुतणीच्या वाढदिवशीं मी एक गोल काचेचें भांडें आणि दोन सोनेरी मासे घेऊन आलों. बाजारांत त्यांना गोल्डफिश म्हणतात. भांडें नळाच्या पाण्यानें भरलें, तळाशीं रंगीत खडे घातले, आणि घरांतील लहानथोर मंडळी भोंवतीं जमली. चौथ्या दिवशीं एक मासा मेला, नवव्या दिवशीं दुसरा. मुलगी रडली नाहीं, तिनें एवढेंच विचारलें, "काका, पाणी तर स्वच्छ होतें, खाणेंहि रोज दिलें, मग ते मेले कां?" मला उत्तर देतां आलें नाहीं. पुढें तें शोधतांना जें कळलें, तेंच आज आपणांपुढें ठेवावयाचें आहे. कारण अशा हौसेनें मेलेले मासे पुष्कळ घरांत झाले असतील.

मासा ज्या पाण्यांत श्वास घेतो, त्याच पाण्यांत मलविसर्जनहि करतो. त्याच्या कल्ल्यांवाटे, विष्ठेंतून आणि उरलेल्या खाद्यांतून अमोनिया उत्पन्न होतो. तो डोळ्यांना दिसत नाहीं, पण माशाच्या कल्ल्यांना भाजून काढतो. नदींत किंवा तळ्यांत कांहीं सूक्ष्म जंतु या अमोनियाचें नायट्राइट करतात, व दुसरे जंतु नायट्राइटचें नायट्रेट करतात. नायट्राइट हेंहि विषच. नायट्रेट मात्र पुष्कळच सौम्य असतें, आणि पाणी बदललें म्हणजे तें निघून जातें. नव्या टाकींत हे उपकारक जंतु नसतात. त्यांची वस्ती बसण्यास साधारणपणें चार ते सहा आठवडे लागतात. आमच्या गोल भांड्यांत पाणी थोडें, मासे भरपूर घाण करणारे, आणि जंतु मुळींच नाहींत. तेव्हां जें झालें त्यांत नवल कांहींच नव्हतें.

म्हणून आधीं टाकी, मग पाणी, आणि सर्वांच्या शेवटीं मासे, हा क्रम धरावा. लहान भांडें सोपें, हा समज उलटा आहे. पाणी जितकें कमी, तितकें तें लवकर बिघडतें. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशी टाकी नवशिक्यास सोयीची. तींत खडी व वरची मोकळी जागा सोडून सुमारें 45 लिटर पाणी मावतें. भरल्यावर तिचें वजन 60 किलोंच्या घरांत जातें, म्हणून मेज मजबूत हवें. हवेचा पंप व स्पंजाची गाळणी एवढें साहित्य पुरतें. नळाच्या पाण्यांत क्लोरीन असतो. तें पाणी उघड्या बादलींत एक दिवस ठेवावें, किंवा सोडियम थायोसल्फेटचे, म्हणजे फोटोग्राफर ज्याला हायपो म्हणतात त्याचे, दुकानांत मिळणारे थेंब त्यांत टाकावे. टाकी चालू करून तींत रोज चिमूटभर खाद्य टाकीत राहावें. तें कुजून जंतूंना अन्न मिळतें. ओळखीच्या कोणाकडे जुनी निरोगी टाकी असेल, तर तिच्या गाळणींतला थोडा स्पंज आणल्यास काम लवकर होतें. अमोनिया व नायट्राइट तपासण्याचीं औषधें बाजारांत मिळतात. दोन्ही शून्य दाखवूं लागलीं म्हणजे घर तयार झालें.

आतां मासे. दुकानांत शिरण्यापूर्वीं तीन प्रश्न मनांत असावे: हा मासा पूर्ण वाढल्यावर केवढा होईल? तो एकटा राहतो कीं थव्यानें? आणि आमचें पाणी व आमची हवा त्याला मानवेल कां? दुकानांत दिसणारा मासा बहुधा पिलूंच असतें, हें विसरूं नये. गोल्डफिश वीतभर सहज वाढतो व नीट सांभाळल्यास दहा वर्षांहून अधिक जगतो. ऑस्कर फूटभर होतो. काचेवरील शेवाळ खाईल म्हणून दिला जाणारा सकर तर दीड फुटापर्यंत जातो. हे तिन्ही या टाकीसाठीं नव्हेत.

पहिल्या माशाचा मान मी झेब्रा डॅनिओला देईन. निळ्या पट्ट्यांचा, दीड इंचाचा हा चपळ मासा आपल्याच देशाचा. फ्रान्सिस हॅमिल्टन यानें गंगेंतील माशांवरील आपल्या ग्रंथांत 1822 सालीं त्याचें वर्णन केलें; आज जगभरच्या प्रयोगशाळांत त्याच्यावर संशोधन चालतें. तो काटक असून थंडी पुष्कळ सोसतो. मात्र तो थव्याचा मासा. सहापेक्षां कमी ठेवल्यास भेदरतो किंवा एकमेकांच्या मागें लागतो. टाकीवर झांकण हवें, कारण तो उडी मारतो.

दुसरा गप्पी. डासांच्या अळ्या खातो म्हणून नगरपालिका त्याला विहिरींत व हौदांत सोडतात. त्याची मादी अंडीं न घालतां जिवंत पिलें देते, तींहि सुमारें चार आठवड्यांनीं पुनःपुनः. एकदां नराशीं संयोग झाला कीं कित्येक महिने तिला नराची गरज राहत नाहीं. म्हणून नवशिक्यानें रंगीत शेपटीचे नरच आणावे. नाहीं तर वर्षभरांत टाकी गप्पींनीं भरून जाईल.

तिसरा सयामचा फायटर. हा पृष्ठभागावर येऊन हवाहि घेतो, म्हणून बरणींतसुद्धां जगतो असें सांगतात. जगतो कांहीं दिवस, पण तें जगणें नव्हे. त्याला टाकी द्यावी, व दुसरा नर त्याच्या दृष्टीसहि पडूं देऊं नये.

गांवाप्रमाणें निवड बदलते. मुंबईचें पाणी पावसानें भरणाऱ्या तलावांचें, म्हणून मऊ. तें झेब्र्याला उत्तम. पठारावरील बोअरचें पाणी बहुधा जड असतें. तें गप्पीला आवडतें. पुण्या-नाशिकाकडे हिंवाळ्यांत रात्रीं पाणी बरेंच गार होतें. तेथें फायटरसाठीं हीटर लागतो, झेब्र्याचें त्यावांचून भागतें. नागपूरच्या मे महिन्यांत अडचण उलटी. तापलेल्या पाण्यांत प्राणवायु कमी विरघळतो, म्हणून तेथें मासे कमी ठेवावे, टाकी उन्हापासून दूर असावी व पंप अखंड चालावा.

45 लिटरांत सहा झेब्रे व चार गप्पी ही भरती पुरे. किंवा एकटा फायटर. तेहि सर्व एकदम आणूं नयेत. आधीं थवा, दोन-तीन आठवड्यांनीं बाकीचे. निवडतांना ज्या टाकींत एकहि मेलेला मासा आहे, तींतला मासा घेऊं नये. अंगावर मिठासारखे पांढरे ठिपके, मिटलेले पर, खपाटीस गेलेलें पोट हीं रोगाचीं चिन्हें होत. दुकानदारास समोर खाद्य टाकावयास सांगावें. जो धांवत येतो तो घ्यावा. कांहीं पारदर्शक माशांच्या अंगांत सुईनें रंग भरून ते विकले जातात. ती क्रूरता विकत घेऊं नये. घरीं आणल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटें टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवून मगच मासे सोडावे.

पुढें नित्याचें काम थोडें. दिवसांतून एकदां, दोन मिनिटांत संपेल एवढेंच खाणें. आठवड्यांतून एकदां चौथाई पाणी बदलणें. गाळणीचा स्पंज नळाखालीं धुऊं नये, क्लोरीननें जंतु मरतात. टाकींतून काढलेल्या पाण्यांतच तो पिळावा. आणि हौस संपली तरी मासे नदींत, तळ्यांत किंवा विहिरींत सोडूं नयेत. लोकांनीं असे सोडलेले सकर भारतांतील कित्येक जलाशयांत माजले आहेत. त्यांच्या कांट्यांनीं कोळ्यांचीं जाळीं फाटतात. मासा नको झाला तर दुकानदारास किंवा दुसऱ्या हौशी माणसास द्यावा.

आमच्या घरीं पुन्हा टाकी आली ती रिकामी, आणि पांच आठवडे रिकामीच राहिली. पाहुणे विचारीत, "अहो, यांत मासे कोठें आहेत?" त्यांना माझी पुतणीच उत्तर देई, "अजून पाणी तयार होत आहे." सहाव्या आठवड्यांत सहा झेब्रे आले. नववा दिवस आला तेव्हां ती सकाळीं उठून आधीं टाकीपाशीं गेली आणि मोजूं लागली. सहाहि होते.