उसने ज्ञान आणि नाशिकची द्राक्षे

मार्गशीर्षातील थंडी पडू लागली की निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांतील द्राक्षबागांत एक काम मोठ्या लगबगीने सुरू होते. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर वेलीवर धरलेला प्रत्येक कोवळा घड द्रावणाच्या भांड्यात बुडवून काढावा लागतो. हे काम बहुतांशी स्त्रिया करतात. पेठ, सुरगाणा यांसारख्या आदिवासी तालुक्यांतून मजुरीसाठी आलेल्या कुटुंबांचा त्यात मोठा वाटा असतो. बागायतदार या द्रावणाला नुसते ‘जी. ए.’ म्हणतो. ते नसते तर बिनबियांच्या द्राक्षाचा मणी बारीकच राहिला असता आणि युरोपच्या बाजारात त्याला कोणी विचारलेही नसते.

हे ‘जी. ए.’ म्हणजे जिबरेलिक आम्ल. त्याचे मूळ द्राक्षात नाही, भातात आहे. एका रोगामुळे भाताची रोपे वेडीवाकडी उंच वाढून कोलमडत. ही वाढ एका बुरशीने स्रवलेल्या द्रव्यामुळे होते, हे १९२६ साली कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञाने फोर्मोसा बेटावर दाखवून दिले. पुढे टोकियो विद्यापीठातील याबुता यांनी १९३५ मध्ये त्या द्रव्याचे नामकरण केले. १९५० नंतरच्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत वीव्हर यांनी ते द्राक्षावर वापरून पाहिले. भाताच्या एका रोगाचा शोध घेणाऱ्या माणसाच्या मनात नाशिकच्या द्राक्षाचा विचार असण्याचे कारणच नव्हते.

बागेतील इतर गोष्टींचा मागोवा घेतला तरी वाट अखेर कोणत्या ना कोणत्या प्रयोगशाळेच्या दाराशीच पोचते. डाऊनी रोगावर फवारले जाणारे मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण हे बोर्डो विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे यांच्या निरीक्षणाचे फळ. रस्त्याकडेच्या वेलींवरील द्राक्षे वाटसरूंनी तोडू नयेत म्हणून तेथील शेतकरी हे मिश्रण शिंपडत. त्याच वेली रोगापासून वाचल्याचे मिलार्दे यांच्या ध्यानात आले आणि १८८५ साली त्यांनी तो उपाय जगापुढे मांडला. पाण्याचा तुटवडा आणि जमिनीतील क्षार यांनी बागा खंगू लागल्या, तेव्हा नाशिकच्या बागायतदाराला ज्या ‘डॉगरिज’ खुंटाने हात दिला, तो मूळचा टेक्सासचा. खुद्द थॉमसन सीडलेस हे वाणही आले ते कॅलिफोर्नियातून.

तात्पर्य, नाशिक जिल्ह्याची द्राक्षसंपत्ती शेतकऱ्याच्या घामाबरोबरच संशोधनसंस्थांत निर्माण झालेल्या ज्ञानावर उभी आहे. आणि त्यातील फार थोडे ज्ञान नाशिकमध्ये निर्माण झाले आहे. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. ज्ञानाला सीमा नसतात. प्रश्न इतकाच की, उसन्या ज्ञानावर एखाद्या प्रदेशाचा विकास किती काळ चालू शकतो?

आयते ज्ञान रुजत नाही

झ्वी ग्रिलिकेस या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने संकरित मक्याचा जो अभ्यास केला, तो या संदर्भात आजही मार्गदर्शक ठरावा. संकरित मक्याच्या संशोधनावर झालेल्या खर्चाचा समाजाला मिळालेला परतावा सालीना किमान ७०० टक्के असल्याचा हिशेब त्याने १९५८ साली मांडला. हा आकडा पुढे सर्वत्र उद्धृत झाला. अर्थात, ते एका अत्यंत यशस्वी संशोधनाचे उदाहरण होते; सर्वच संशोधन इतके फळत नाही. त्याचा १९५७ सालचा निष्कर्ष मात्र तितकाच मोलाचा असूनही कमी लोकांच्या स्मरणात आहे. संकरित मका आयोवात लवकर पसरला, अलाबामात फार उशिरा. कारण एका प्रदेशासाठी तयार केलेले बियाणे दुसऱ्या प्रदेशात चालत नाही. प्रत्येक हवापाण्यासाठी ते नव्याने तयार करावे लागते, आणि बियाणे कंपन्या जेथे बाजारपेठ मोठी तेथे आधी जातात. अर्थात तत्त्व कोठूनही येवो, त्याचा उपयोग त्या त्या मातीत नव्याने शोधावा लागतो.

नाशिकचा अनुभव याहून निराळा नाही. कॅलिफोर्नियातील वेल हिवाळ्यात पाने गाळून झोपी जाते. नाशिकची वेल झोपत नाही. म्हणून येथे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी अशा दोन छाटण्या करून एक पीक घ्यावे लागते. ही रीत परदेशी पाठ्यपुस्तकात सापडणारी नव्हे. संजीवकाची मात्रा, ती देण्याची वेळ, पाण्याचा ताण, सारेच येथे नव्याने ठरवावे लागले. ते काम बागायतदार आणि शास्त्रज्ञ यांनी मिळून केले. १९६० साली स्थापन झालेला महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ आणि १९९७ साली पुण्याजवळ मांजरी येथे सुरू झालेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र ही या सहकार्याची दोन ठळक रूपे.

खुद्द नाशिक जिल्ह्यातही संशोधनाची परंपरा नाही असे नाही. निफाडच्या गहू संशोधन केंद्राने दिलेल्या वाणांची ‘त्र्यंबक’ आणि ‘तपोवन’ ही नावे ऐकताच त्यांचे गाव कळते. ‘निफाड ५३’ या कांद्याच्या वाणाने तर उत्तर भारतातही खरिपातील कांदा शक्य करून दाखवला. पिंपळगाव बसवंतच्या केंद्राचे ‘बसवंत ७८०’ हे वाणही कांदा उत्पादकांच्या परिचयाचे आहे. या केंद्रांवर झालेला खर्च आणि त्यांनी शेतकऱ्यांच्या पदरात टाकलेले उत्पन्न यांची तुलना कोणी करू लागला, तर नाशिकलाही आपला ग्रिलिकेस मिळेल.

न केलेल्या संशोधनाची किंमत

संशोधनाचा खर्च अंदाजपत्रकात दिसतो. न केलेल्या संशोधनाची किंमत मात्र कोठेही दिसत नाही. ती २०१० साली नाशिकच्या बागायतदाराला दिसली. वेलीची अनावश्यक वाढ रोखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे बागायतदारांच्या भाषेतील ‘सीसीसी’, या द्रव्याचे अंश युरोपात पोचलेल्या द्राक्षांत मर्यादेबाहेर आढळले आणि माल नाकारला गेला. निर्यातीपूर्वी ज्या द्रव्यांची तपासणी होत असे, त्यांच्या यादीत हे द्रव्यच नव्हते. बागायतदाराने नियम मोडला नव्हता. नियम करणाऱ्यांना धोका आधी दिसला नव्हता. पुढे तपासणीची यादी सुधारली गेली. परंतु चूक घडल्यानंतर सुधारणे आणि ती घडण्यापूर्वी ओळखणे यांतील अंतर हेच संशोधनाचे अंतर होय, आणि त्या अंतराची किंमत अनेक कुटुंबांनी कर्जाच्या रूपाने मोजली.

दुसरी किंमत अधिक शांतपणे वसूल होते. जुने वाण कोणाच्या मालकीचे नव्हते. नव्याचे तसे नाही. दिंडोरी तालुक्यातील मोहाडी येथील ‘सह्याद्री फार्म्स’ या शेतकऱ्यांच्या कंपनीने ‘आरा’ मालिकेतील द्राक्षवाण परवान्याने नाशिकमध्ये आणले. या वाणांचे हक्क परदेशी पैदासकारांकडे आहेत आणि त्यांची लागवड करायची तर रॉयल्टी मोजावी लागते. कंपनीचा हा निर्णय व्यवहाराला धरूनच आहे. जगाची चव बदलली, तर जुन्याच वाणाला कवटाळून बसणे परवडत नाही. शिवाय या कंपनीचे प्रवर्तक विलास शिंदे हे राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे पदव्युत्तर पदवीधर आहेत, हे विसरता येत नाही. विद्यापीठाने दिलेला माणूस शेतकऱ्यांची कंपनी उभारू शकला; मात्र त्या कंपनीला हवे असलेले वाण त्या वेळी परदेशातून आणावे लागले. मांजरीचे केंद्र आणि पुण्याची आघारकर संशोधन संस्था यांनी नवी वाणे दिली आहेत हे खरे. तथापि फळबागेचे वाण सिद्ध होण्यास पंधरा-वीस वर्षे सहज जातात. आज ज्याची गरज भासते, त्याचे काम दोन दशकांपूर्वी सुरू झालेले असावे लागते.

ओझर आणि बंगळूर

शेतीबाबत जे खरे, तेच कारखानदारीबाबतही. ओझरचा विमान कारखाना १९६४ साली मिग विमानांच्या परवानाधारित उत्पादनासाठी आला. त्याने नाशिकला हजारो रोजगार आणि कुशल कारागिरांची एक पिढी दिली. परंतु याच कंपनीचे माहेरघर असलेल्या बंगळूरला आणखी काही लाभले. तेथे १९४० साली वालचंद हिराचंद यांनी विमान कारखाना सुरू केला आणि १९४२ साली शेजारच्या भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिक अभियांत्रिकीचा विभाग उघडला. कारखान्याच्या अडचणी वर्गात आणि वर्गातील विद्यार्थी कारखान्यात, अशी ये-जा तेथे होऊ शकली. ओझरला कारखाना आला. असा शेजार आला नाही.

नाशिकमध्ये आज राज्य शासनाने स्थापन केलेली दोन विद्यापीठे आहेत. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले. पहिल्याने शिक्षणाची दारे ज्यांना बंद होती त्यांना ती उघडून दिली. दुसऱ्याकडे राज्यभरच्या वैद्यकीय शिक्षणाची धुरा आहे. प्रदेशाच्या उत्पादक व्यवसायांसाठी संशोधन करणे हे या दोहोंचे मुख्य प्रयोजन नव्हते. ते केले नाही म्हणून त्यांना दोष देता येत नाही. महाविद्यालये पुण्याला जोडलेली, कृषी विद्यापीठ राहुरीला, द्राक्ष केंद्र मांजरीला. परिणामी नाशिकचा प्रश्न नाशिकमध्ये निर्माण होतो आणि त्याच्या उत्तरासाठी दुसऱ्या जिल्ह्याकडे पाहावे लागते.

साखरेने घालून दिलेला धडा

यावर ‘शासनाने विद्यापीठ द्यावे’ ही मागणी सोपी आहे. तथापि केवळ इमारतीने संशोधन होत नाही. कृषी विद्यापीठांतील रिक्त पदांची तक्रार जुनीच आहे. शास्त्रज्ञाविना केंद्र म्हणजे गुरुजींविना शाळा. शिवाय तुलनेने संपन्न अशा द्राक्ष बागायतदारासाठी सर्वसामान्य करदात्याने खर्च का करावा, हा आक्षेपही निराधार नाही.

त्याचे उत्तर महाराष्ट्रातच आहे. सहकारी साखर कारखान्यांनी १९७५ साली मांजरी येथे संशोधन संस्था उभारली. वसंतदादा साखर संस्था या नावाने ती आज ओळखली जाते. गाळलेल्या उसाच्या टनामागे कारखान्यांनी वर्गणी द्यायची, हा तिचा आधार. ऑस्ट्रेलियातही १९८९ च्या कायद्याने उत्पादकांनी दिलेल्या संशोधन-वर्गणीत शासनाने आपली भर घालण्याची पद्धत रूढ केली. जे उसाला जमले ते द्राक्षाला आणि कांद्याला का जमू नये? लासलगाव, पिंपळगावच्या बाजारात वसूल होणाऱ्या बाजार फीचा एक छोटा अंश आणि निर्यात होणाऱ्या द्राक्षांवर किलोमागे काही पैसे, एवढ्यातूनही जिल्ह्याचा कायम संशोधन निधी उभा राहू शकेल. पैसा उत्पादकाचा असला की प्रश्न कोणते घ्यायचे हेही तोच विचारेल. आणि शासनाने तितकीच भर घालावी, ही मागणी मग अधिक जोराने करता येईल.

महाविद्यालयांच्या वाट्याचे काम याहून कमी खर्चाचे आहे. नाशिकमधील विज्ञान, वाणिज्य आणि अर्थशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी दरवर्षी प्रबंध लिहितात. निफाडच्या विहिरींतील क्षार, चाळीत साठवलेल्या कांद्याची घट, फवारणी करणाऱ्या मजुरांचे आरोग्य, एका एकर बागेतून मजुरीवर पडणारी रक्कम, हे विषय दाराशी उभे आहेत. ज्या प्रबंधाची वाट एखादा शेतकरी पाहत आहे, तो कपाटात धूळ खात पडणार नाही. मिलार्देही रस्त्याकडेची वेल पाहूनच विचार करू लागले होते.

पेठ-सुरगाण्याहून आलेली मजूर स्त्री पुढच्या मार्गशीर्षातही घड बुडवील. भांड्यातील द्रावणाचा इतिहास तिला ठाऊक नाही आणि असण्याची आवश्यकताही नाही. पण बाग तगली तर तिचा रोज टिकतो, आणि बाग तगणे हे पुढील वीस वर्षांचा विचार आज कोणी करतो की नाही, यावर अवलंबून असते. उसने आणणाऱ्याने निदान परतफेडीची तयारी ठेवावी, हा व्यवहार आहे. जगाच्या ज्ञानभांडारातून नाशिकने पुष्कळ उचलले. आता त्यात आपली भर घालण्याची वेळ आली आहे.