फवारणाऱ्याचा दावा

पावसाळा सरता सरता मुखेडच्या शिवारात कपाशीवर फवारणी सुरू होते आणि पाठीवर पंप घेतलेला मजूर दिवसभर त्या तुषारांत वावरतो. त्यास विषबाधा झाली तर भरपाई कोणाकडे मागावी, हा प्रश्न शहरातील वाचकांस दूरचा वाटेल; तो तसा नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे फवारणीच्या विषबाधेने दगावली, शेकडो रुग्णालयांत दाखल झाली. मृतांपैकी दोघांच्या विधवा व एक वाचलेला शेतकरी यांनी २०२१ मध्ये सिंजेंटा कंपनीवर थेट स्वित्झर्लंडमधील बाजल येथे दिवाणी दावा लावला. 'पोलो' या औषधाने ही हानी झाली, असे त्यांचे म्हणणे. कंपनीने ते नाकारले. न्याय मागण्यास एवढा पल्ला गाठावा लागावा, हे आम्हांस शोभत नाही.

कायदा याबाबत मुका होता असे नव्हे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत शेतीत कीटकनाशके फवारणाऱ्याचा स्पष्ट उल्लेख होता. पण भरपाई द्यावयाची मालकाने, आणि मुखेडकडचा मालक म्हणजे पुष्कळदा दोन-तीन एकरांचा कर्जबाजारी शेतकरी. त्याच्यावर दावा लावून सालगड्याच्या पदरात काय पडणार? गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत मृत्यूस दोन लाख रुपये मिळतात, ते खातेदारास व त्याच्या कुटुंबातील एकास. भूमिहीनाचे नाव सातबारावर कोठून असावयाचे?

उरला उत्पादक. त्यास न्यायालयात गाठावयाचे तर अमुक बाटलीतील अमुक द्रव्यानेच अपाय झाला, हे सिद्ध करावे लागते. येथेच गाडे अडते. एका पंपात दोन-तीन औषधे मिसळण्याची आपल्याकडे रीत. सेंद्रिय फॉस्फरस वर्गातील विषाने रक्तातील कोलिनएस्टरेज घटते व वेळीच तपासल्यास ते कळते. 'पोलो'मधील डायफेनथियुरॉन मात्र त्या वर्गातले नव्हे, त्याचा माग या तपासणीत लागत नाही. त्यात बाटली बांधावर फेकलेली, दुकानदाराची पावती नाही आणि केसपेपरवर 'विषबाधा' एवढाच शब्द! एवढ्या कागदांवर निष्णात वकीलही काय उभारील?

यास्तव आमची सूचना अगदी साधी आहे. सरकारी रुग्णालयाने अशा रुग्णाच्या नोंदीत औषधाचे नाव, बाटलीवरील बॅच क्रमांक व फवारणीचा दिवस लिहावा, रक्ताचा नमुना त्याच दिवशी राखावा. पोलिसांनी बाटली सीलबंद करून पंचनाम्यात घ्यावी. कृषी खात्याने विक्रेत्यांची पावतीपुस्तके हंगामापूर्वी पाहावीत. यासाठी नवा कायदा नको; तहसीलदार, वैद्यकीय अधीक्षक व तालुका कृषी अधिकारी एका टेबलाशी बसले तरी पुढल्या फवारणीपूर्वी हे ठरू शकेल.