अजिंठ्याचे जहाजचित्र

अजिंठ्याचे जहाजचित्र हे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील अजिंठा येथील दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात असलेले, इसवी सनाच्या पाचव्या शतकातील भित्तिचित्र आहे. पूर्णावदान या बौद्ध कथेतील सागरप्रवासाचा प्रसंग त्यात रंगविलेला आहे. प्राचीन भारतीय समुद्रगामी जहाजाचे रूप दाखविणारी चित्रे फार थोडी उरली असून त्यांत याचे स्थान महत्त्वाचे आहे. अजिंठ्यातील जहाजचित्रणाच्या आधारे आयएनएसव्ही कौंडिण्य हे शिवलेल्या फळ्यांचे जहाज बांधण्यात आले व ते २०२५ साली भारतीय नौदलात दाखल झाले.

कथाप्रसंग

पूर्ण हा शूर्पारक येथील व्यापारी होता. शूर्पारक म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातील सोपारा. पुढे तो बौद्ध भिक्षू झाला. मौल्यवान चंदन आणण्यासाठी समुद्रापार गेलेला त्याचा भाऊ व इतर व्यापारी वादळात सापडले असता पूर्णाने त्यांचे रक्षण केले, अशी कथा आहे. सह्याद्रीच्या आत, किनाऱ्यापासून दूर असलेल्या लेण्यात जहाज आले ते या कथेमुळे.

चित्रातील जहाज

जहाजाची दोन्ही टोके उंच उचललेली आहेत. त्यावर तीन उभ्या डोलकाठ्या असून प्रत्येकीवर उंच, आयताकार शीड आहे. पुढे झेपावलेल्या काठीवर आणखी एक शीड वाऱ्याने फुगलेले दिसते. नाळेवर, म्हणजे जहाजाच्या अग्रभागी, डोळा रंगविला आहे. आजच्यासारखे मागील बाजूस मधोमध बसविलेले सुकाणू येथे नाही. जहाज वळविण्यासाठी बाजूला मोठे वल्हे लावले आहे. आच्छादनाखाली रांजण मांडून ठेवलेले दिसतात.

चित्राच्या प्रतिकृती

लेण्यांतील रंग उडत असल्याने एकोणिसाव्या शतकात चित्रांच्या प्रती करण्याचे काम सुरू झाले. रॉबर्ट गिल याने वर्षानुवर्षे खपून केलेल्या प्रतींपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. त्यानंतर मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी यांनी १८७२ ते १८८५ या काळात नव्याने प्रती केल्या. त्यांतील अनेक प्रतीही १८८५ साली लंडनमध्येच जळाल्या. ग्रिफिथ्स यांचा अजिंठ्यावरील द्विखंडात्मक ग्रंथ १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध झाला. राधाकुमुद मुखर्जी यांनी १९१२ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय नौकानयनाच्या इतिहासात अजिंठ्यातील जहाजांची चर्चा केली.

चित्रावरून आराखडा

जहाज बांधण्यासाठी किमान तीन बाजूंची रेखाटने लागतात: बाजूने दिसणारी आकृती, वरून दिसणारी आकृती आणि ठिकठिकाणचे आडवे छेद. भित्तिचित्रातून फक्त पहिली मिळते, तीही मोजमापाविना. जहाज किती रुंद होते, पाण्याखालील तळ सपाट होता की निमुळता, फळ्या कशा जोडल्या होत्या, हे चित्र सांगत नाही. जहाज लाटांवर कलंडेल की तोल सावरेल, हे मात्र नेमके याच गोष्टींवर ठरते. माणसे व जहाज यांच्या आकारांची तुलना करून लांबी काढणेही धोक्याचे आहे, कारण चित्रकाराचा हेतू कथा सांगण्याचा होता, माप देण्याचा नव्हे.

त्यामुळे इतर पुराव्यांचा आधार घ्यावा लागतो. सातवाहनांच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांची जहाजे आहेत. सहाव्या शतकातील बायझंटाइन इतिहासकार प्रोकोपियस याने हिंदी महासागरातील नौका लोखंडी खिळ्यांनी नव्हे तर दोरांनी बांधल्या जातात, असे नमूद केले आहे. भोजाच्या नावावर असलेल्या युक्तिकल्पतरू या संस्कृत ग्रंथातही समुद्रगामी नौकेत लोखंड वापरू नये असे म्हटले आहे. फळ्या शिवण्याची ही विद्या केरळातील कारागिरांनी जिवंत ठेवली आहे.

बांधणी व प्रवास

या प्रकल्पाची कल्पना अर्थतज्ज्ञ संजीव सान्याल यांनी मांडली. जुलै २०२३ मध्ये केंद्रीय संस्कृती मंत्रालय, भारतीय नौदल व गोव्यातील होडी इनोव्हेशन्स यांच्यात करार झाला. १२ सप्टेंबर २०२३ रोजी तळाचा कणा बसविण्यात आला. केरळचे बाबू शंकरन यांच्या नेतृत्वाखालील कारागिरांनी काथ्याची दोरी, नारळाचा तंतू व राळ वापरून फळ्या शिवल्या. पाण्यातील वर्तनाची चाचणी मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रतिकृतीवर घेण्यात आली. डोलकाठ्यांच्या बळकटीचे गणित नौदलाने स्वतः केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये गोव्यात जहाज पाण्यात उतरले. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ते नौदलात दाखल होऊन त्याला आग्नेय आशियात गेलेल्या पुराणप्रसिद्ध दर्यावर्दी कौंडिण्य याचे नाव देण्यात आले. इंजिन नसलेले हे जहाज २९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदरहून निघाले व जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचले.

तत्सम प्रयोग

जावा बेटावरील बोरोबुदूर येथील शिल्पपटावरून बांधलेले जहाज २००३-०४ मध्ये आफ्रिकेतील घानापर्यंत गेले. ओमानमध्ये बांधलेले ‘ज्युएल ऑफ मस्कत’ हे शिवलेले जहाज २०१० साली सिंगापूरला पोहोचले. त्याचा आराखडा मात्र इंडोनेशियातील बेलितुंग बेटाजवळ सापडलेल्या नवव्या शतकातील बुडीत जहाजाच्या अवशेषांवर आधारलेला होता. अजिंठ्याच्या जहाजाला असा अवशेषांचा आधार नाही.

मर्यादा

कौंडिण्य हे पाचव्या शतकातील एखाद्या विशिष्ट जहाजाची हुबेहूब प्रत नाही. चौकोनी शिडे व सुकाणूची वल्ही यांना चित्रांचा आधार आहे. शिवणीला ग्रंथांचा व कारागिरीच्या परंपरेचा आधार आहे. तळाचा आकार व मोजमापे ही अभ्यासपूर्ण अनुमाने आहेत. शिडांवरील गंडभेरुंड, नाळेवरील सिंहयाळी व हडप्पा शैलीचा दगडी नांगर ही वेगवेगळ्या काळांतील प्रतीके म्हणून घेतलेली आहेत. यशस्वी प्रवासाने असे जहाज समुद्रात तग धरू शकते हे सिद्ध होते; प्राचीन जहाज नेमके असेच होते, हे त्यावरून सिद्ध होत नाही.