चिखलणीच्या हंगामात पॉवर टिलरची निगा व दोषनिवारण

कोकणातील लहान भातखाचरांत ट्रॅक्टर वळविणे अवघड असल्याने चिखलणीसाठी पॉवर टिलर उपयुक्त ठरतो. मात्र ऐन लावणीत यंत्र बंद पडल्यास रोपवाटिकेतील रोपांचे वय वाढते, पुढे फुटवे कमी येतात आणि उत्पादन घटते. म्हणून पुढील बाबींकडे वेळीच लक्ष द्यावे.

दररोज काम सुरू करण्यापूर्वी यंत्र सपाट जागेवर उभे करून इंजिन ऑइल, थंड करण्याचे पाणी, व्ही-बेल्टचा ताण आणि रोटाव्हेटरच्या पात्यांचे नट-बोल्ट तपासावेत.

इंजिन सुरू न होणे : डिझेल व फिल्टर पाहावा. टाकी रिकामी होऊन पुन्हा भरली असल्यास नळीत हवा अडकते. ब्लीडिंग स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यावे व स्क्रू घट्ट करावा.

काळा धूर : एअर क्लीनर तुंबला असल्यास स्वच्छ करावा, इंजिनवरील भार कमी करावा.

इंजिन चालते, पण ओढ कमी : व्ही-बेल्ट ढिला किंवा तेलकट झाला आहे का, ते पाहावे.

गिअर ऑइल दुधाळ दिसणे : ऑइल सीलमधून पाणी शिरल्याचे हे लक्षण होय. सील व तेल त्वरित बदलावे. अन्यथा बेअरिंग व गिअर झिजतात.

पात्यांत अडकलेले गवत इंजिन पूर्ण बंद केल्यावरच काढावे. सायंकाळी यंत्रावरील चिखल धुऊन ग्रीस भरावे. पाणी एअर क्लीनरमध्ये जाऊ देऊ नये.