सत्तरीतला मुहाजिर

वीसेक वर्षांपूर्वी रमजान नोव्हेंबरात आला होता. दिवस लहान, हवा थंड, त्यामुळे आम्हा पोरांना रोजा अगदी सोपा वाटायचा. ईदचे कपडे घ्यायला अब्बांबरोबर किन्हीराजाहून शहरात गेलो होतो. येताना इफ्तारसाठी खिमा आणा, असं अम्मीने दोनदा बजावलं होतं. बाजारात पोचलो तर मटणाची सगळी दुकानं बंद. एका शटरवर खडूने लिहिलं होतं : 'साधू वासवानी जयंतीनिमित्त दुकान बंद'.

"हे कोण बाबा? यांची जयंती आजच यायची होती?" अब्बा चिडले.

उत्तर कापडाच्या दुकानात मिळालं. दुकानदार सिंधी; त्यांचे वडील फाळणीत हैदराबाद सिंधमधून आलेले. अब्बांची कुरकुर ऐकून ते हसले आणि गल्ल्यामागच्या फळीवरून आईचं एक जुनं पुस्तक काढून दाखवलं. सिंधी अरबी लिपीत लिहितात हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. अब्बांना उर्दू येत होती. भाषा कळेना, पण अक्षरं ओळखीची. बोट ठेवून त्यांनी एक शब्द वाचला : नूरी. म्हणजे प्रकाशाचा. दुकानदार म्हणाले, "हेच ते. कविता लिहिताना साधूजी हे नाव घेत."

थांवरदास लीलाराम वासवानी यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८७९चा. एम. ए. होऊन ते प्राध्यापक झाले आणि पुढे लाहोरचं दयालसिंग कॉलेज, कूचबिहारचं व्हिक्टोरिया कॉलेज, पतियाळाचं महिंद्र कॉलेज इथे प्राचार्य. १९१०मध्ये बर्लिनच्या धर्मपरिषदेत ते बोलले. फकिरी घ्यायची ओढ तरुणपणापासूनची, पण आई हयात असेपर्यंत घेणार नाही, असा शब्द दिला होता. आई गेली आणि चाळिशीत त्यांनी नोकरी सोडली. लग्न केलंच नाही. देहरादूनजवळ राजपूरला तरुणांसाठी शक्ती आश्रम काढला. १९३३ साली हैदराबाद सिंधमध्ये मीराबाईच्या नावाने शिक्षणाची चळवळ सुरू केली. 'सेंट मीरा' असं इंग्रजी वळणाचं नाव असल्यामुळे पुष्कळांना ती ख्रिस्ती शाळा वाटते. ती आपली मेवाडची मीरा.

मग फाळणी झाली. इथे मला थोडं थांबावं लागतं. सिंध ही सूफींची भूमी. शाह अब्दुल लतीफ यांच्या दर्ग्यावर हिंदूही तितक्याच श्रद्धेने जात. पण ६ जानेवारी १९४८ला कराचीत दंगल झाली, हिंदू-शीखांची घरं लुटली गेली. लुटणाऱ्यांत आपलं घर भारतात गमावून आलेले लोकही होते. हे करणारे माझ्याच धर्माचं नाव सांगणारे होते; रमजानच्या पानावर लिहिताना ही गोष्ट वगळून पुढे जाणं मला बरं वाटत नाही. वासवानी तरीही काही महिने तिथेच राहिले. अखेर नोव्हेंबर १९४८मध्ये त्यांना मुंबई गाठावी लागली. वय सत्तरीला टेकलेलं.

पाकिस्तानात गेलेल्यांना तिकडे मुहाजिर म्हणतात. हिजरत करणारा तो मुहाजिर. पैगंबर मुहम्मद (स.) आणि त्यांचे साथीदार मक्का सोडून मदिनेला आले, तेव्हापासूनचा हा शब्द. आपण इकडे आलेल्यांना निर्वासित म्हणतो. माझ्या लेखी वासवानी मुहाजिरच.

ते पुण्यात आले १९४९मध्ये. कल्याणच्या लष्करी छावणीला उल्हासनगर हे नाव मिळालं तेही त्याच वर्षी. बराकींमधून संसार चालले होते, माणसं फेरीवर पापड-गोळ्या विकत होती. अशा लोकांना रागाची भाषा चटकन पटली असती आणि ती बोलण्याचा हक्क या म्हाताऱ्याला इतर कुणापेक्षा जास्त होता. त्यांनी पुन्हा शाळा उघडली. लेकरांना सगळ्या धर्मांतल्या थोरांची ओळख व्हावी, हा त्यांचा आग्रह होता. १९६२ साली पुण्यात मुलींसाठी कॉलेज काढलं, तेव्हा ते ८२ वर्षांचे होते. १६ जानेवारी १९६६ रोजी पुण्यातच त्यांचं निधन झालं.

रमजानची १७ तारीख आली की मशिदीत बद्रच्या लढाईची आठवण निघते. हिजरी सन २मधली ही लढाई. त्यात पकडलेल्या कैद्यांपैकी ज्यांच्याकडे सुटकेची रक्कम नव्हती, पण लिहिता-वाचता येत होतं, त्यांनी मदिनेतल्या दहा-दहा मुलांना अक्षरं शिकवावीत आणि सुटावं, असं ठरल्याचं सीरतच्या ग्रंथांत येतं. लहानपणी मला यात फक्त दया दिसायची. आता दुसरंच दिसतं. हे ठरवणारे दोनच वर्षांपूर्वी घरदार टाकून आलेले लोक होते आणि कैदी त्याच मक्केचे. हिशेब चुकता करायची संधी हातात होती. त्यांनी मुलांसाठी मास्तर मागितले.

दुकानदाराने मुलींच्या कॉलेजाचं सांगितलं तेव्हा अब्बा गप्प झाले होते. माझी आपा त्याच वर्षी दहावीनंतर घरी बसली होती. नापास झाली नव्हती, चांगले मार्क होते. पण अकरावीसाठी रोज एसटीने जायचं, गाडी चुकली तर संध्याकाळ होणार, लोक काय म्हणतील, असली कारणं. आता अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत मिळतो. पण खरा प्रश्न पासाचा नव्हताच. आमच्या गावात आजही मुलगी दहावी झाली की पारावरची निवृत्त मंडळी तिच्या लग्नाचं विचारतात. याच मंडळींत गणित आणि इंग्रजी उत्तम येणारे चारजण तरी आहेत. अस्रच्या नमाजनंतर किंवा देवळातून परतताना त्यांनी तासभर ओट्यावर पोरींना घेऊन बसायला काय हरकत आहे?

धाकटी दहावी झाली तेव्हा अब्बा स्वतः मालेगावला जाऊन तिचा अकरावीचा फॉर्म घेऊन आले. हे साधूजींमुळे झालं असं मी म्हणणार नाही; आपा दोन वर्षं त्यांच्याशी धड बोलत नव्हती, त्याचाही भाग असेल. मटणाचं मात्र नक्की ठाऊक आहे. रमजान पुढे ऑक्टोबरात गेला, सप्टेंबरात गेला, तरी २४ नोव्हेंबरला अब्बा न चुकता पिशवी घेऊन निघायचे. अम्मी विचारायची, आज कशाला? "उद्या नूरीसाहेबांचा दिवस आहे," म्हणायचे, "उद्या मिळायचं नाही."