जलपूजन झाले, आता हिशेब मांडा!

पाऊसकाळ चांगला झाला, बंधारा भरून सांडव्यावरून पाणी वाहू लागले की गावाचा चेहराच पालटतो. सरपंच, सदस्य, गावकरी मंडळी काठावर जमतात. बायाबापड्या पाण्याची ओटी भरतात, नारळ वाढवला जातो, पोरंसोरं गूळ-खोबऱ्यावर ताव मारतात. ज्या गावाने कित्येक उन्हाळे टँकरमागे हंडे घेऊन धाव घेतली, ते या दिवशी हरखून गेले तर नवल ते काय? हा आनंद मनसोक्त भोगावा. तो घाम गाळून मिळालेला आहे.

पण घोडे पेंड खाते ते पुढेच. ‘औंदा पाणी लई हाय, लावून टाका ऊस!’ अशी बोली चावडीवर सुरू होते. एकाने बोअर पाडली की शेजारी त्याहून खोल जातो. मग चैत्रात विहिरी तळ गाठतात आणि पुन्हा टँकरची वाट पाहणे कपाळी येते. सुख दारात आले, पण नांदले नाही!

ते नांदवायचे कसे, हे अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारने दाखवून दिले. हे गाव पर्जन्यछायेतले. तिथे पाऊस सरासरी चारशे मिलिमीटरच्या आतबाहेर. एके काळी डोंगर उघडेबोडके झाले होते, माणसे पोटासाठी गाव सोडून जात होती. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी गावाने पाळली. डोंगरावर समतल चर खोदले, झाडे लावली. विहिरींना पाणी आले, दुधाचा धंदा वाढला आणि बाहेर गेलेली कुटुंबे घरी परतली. २०२० मध्ये पवार यांना पद्मश्री जाहीर झाली.

मात्र खरी गोष्ट त्यापुढची आहे. चांगले दिवस आले तरी गाव उतले-मातले नाही. शेतीसाठी बोअर नको, जादा पाणी पिणारी पिके नकोत, हे बंधन कायम ठेवले. दरवर्षी पडलेला पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी पाहायची आणि ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा. आधी माणसांचे आणि जनावरांचे पाणी बाजूला काढायचे, उरेल त्यावर पिके ठरवायची.

आपल्याकडेही हे अवघड नाही. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवा, आकडे फळ्यावर लिहा, दिवाळीआधी ग्रामसभेत वाचून दाखवा. ज्यांनी चर खोदले त्या माणसांचे आणि माउल्यांचे नाव त्याच सभेत घ्या. त्यांचे उपकार नुसत्या नारळाने फिटत नाहीत. पाणी राखले तरच फिटतात.

तेव्हा मंडळी, गुलाल जरूर उधळा. पण घरी जाण्याआधी विहिरीत एकदा दोरी सोडून पाणी किती हात आहे ते बघा!